दोन्ही कौल उजवे

अहो, शब्बीरभाई आले होते आणि मी त्यांना फाटकाबाहेरच उभं ठेवलं. तुमचा तेरावा आटोपला, पाहुणे पांगले, लेक श्रीगोंद्याला सासरी परत गेली आणि दुसऱ्याच सकाळी हा माणूस दारात हजर. म्हणाले, "वैनी, गाडी बघून जातो जरा." आता मला सांगा, ज्या घरातलं माणूस नुकतंच गेलंय त्या घरी गाडी बघायला कोण येतं? विकत घ्यायला येणारा. नाहीतर स्वस्तात विकत घ्यायला येणारा. तुमचा जिवाभावाचा दोस्त असला म्हणून काय झालं, शेवटी गॅरेजवालाच. मी चहालाही विचारलं नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "झालं, बाईंचा पहारा सुरू."

पहारा तर पहारा. इतकी वर्षं मुलींच्या शाळेत परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्या. कोणाच्या रिबिनीत चिठ्ठी आहे, कोणाच्या पट्टीवर पेन्सिलीनं काय लिहिलंय, ते मला पाठमोरी असतानाही कळायचं. आणि तुम्ही तरी कुठले भोळे सांब? दुधाच्या शीतकरण केंद्रावर उभी हयात काढलीत. कॅनचं झाकण उघडल्याबरोबर वासावरून सांगायचात की, आज पाटलांच्या म्हशीला विहिरीनं हातभार लावलाय. तुम्ही दुधावर संशय घ्यायचात आणि मी पोरींवर. जग आपल्याला फसवू शकत नव्हतं. राहिलो आपण दोघंच, एकमेकांना फसवायला.

आणि तुम्ही फसवलंत. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. आता असं सांगावं लागतंय.

गाडीपासूनच सुरुवात करते. नगरच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडून तुम्ही ती जुनी मोटार आणलीत तेव्हा मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, चारही चाकांकडे वाकून बघितलं आणि म्हटलं, "एवढी चांगली आहे तर ते का विकतायत?" तुम्ही कपाळाला हात लावलात. गाडी खरंच चांगली होती. वाईट होता तो तिचा गिअर. जमिनीतून वर आलेला दांडा असता तर एक वेळ चाललं असतं, हा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, बगळ्याच्या मानेसारखा बाहेर आलेला. ओढायचा, ढकलायचा, वर करायचा, खाली करायचा.

मला गाडी शिकवायची हौस तुम्हालाच फार. सुगी उरकलेल्या रानात घेऊन गेलात. तिथं आपलं जे भांडण झालं ते अख्ख्या शिवारानं ऐकलं असेल. तुम्ही म्हणायचात, "खाली टाक, खाली." मी गिअर कमी करायची. कारण खालचा गिअर म्हणजे पहिला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तुमच्या बोलण्यात खाली म्हणजे दांडा खाली, आणि दांडा खाली म्हणजे दुसरा, म्हणजे वरचा गिअर! पुढे तिसऱ्यासाठी पुन्हा दांडा वर, आणि चौथ्यासाठी खाली. मी म्हटलं, "अहो, या गाडीत वर म्हणजे खाली आणि खाली म्हणजे वर आहे, ही गाडी आहे का सरकारी कचेरी?" तुम्ही हसत सुटलात. आणि नेमकं तेव्हाच मी डावा हात चाकावरून काढून दांड्याला घातला, गाडी उजवीकडे भरकटली आणि समोरच्या कडब्याच्या गंजीत शिरली.

गंज कोसळली. आपण दोघं कडब्याखाली. तुम्ही काचेतून बाहेर बघत म्हणालात, "तुझा सगळा जोर डाव्या हातात. तो काढला की चाक मोकाट सुटतं. डावरी बाई आणि डावा गिअर, जमायचं कसं?"

तुम्ही ते साधंच बोलला होतात. पण मला ते झोंबलं. लहानपणी डाव्या हातानं घास घेतला म्हणून आईनं उलथन्याचा चटका दिला होता. शाळेत डाव्या हातात पेन्सिल धरली की गुरुजी पट्टी मारायचे. भैरोबाच्या देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला की पुजारी ताट मागे घ्यायचा. लिहायला शिकले उजव्या हातानं, जेवायला शिकले उजव्या हातानं, पण जोर काही हलला नाही. तो डावीकडेच राहिला. मी त्या दिवशी कडब्यातून बाहेर आले, पदर झटकला आणि तुम्हाला बजावलं, "माझ्या डावरेपणाचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. आणि गाडीचाही." तुम्ही मान डोलावलीत. तुमची मान डोलावायची पद्धत तेव्हाच ओळखायला हवी होती. दुधात पाणी सापडलं की शेतकऱ्यासमोर अशीच डोलवायचात, आणि मग गुपचूप पक्कं तपासायला दुसरी बाटली भरून घ्यायचात.

मग गल्लीत केबल आली. तुम्ही जेवता जेवता त्या परदेशी शर्यती बघायला लागलात. गाड्या कसल्या, रॉकेलच्या डब्याला चाकं लावल्यासारख्या. एकदा तुमचा घास हातातच राहिला. "च्या मारी! अगं, हे बघ. गिअर चाकामागंच. बोटानं ओढतोय. हात सोडतच न्हाई गं हा!" मी म्हटलं, "आमटी निवतेय."

यंदाच्या उन्हाळ्यात मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काहीतरी सुरू झालं. शब्बीरभाई गॅरेज बंद केलं की इकडे यायचे. मी खिडकीतून बघायची. मोटरसायकलीच्या गिअरचा एक दांडगोळा आला, त्याला नागमोडी खाचा. मग तुमच्या केंद्रावर मोडीत पडलेल्या धारा काढायच्या मशीनच्या रबरी नळ्या आल्या. मशीन गाईचे सड ज्या ओढीनं ओढतं, तसल्याच ओढीवर गाडीचा गिअर ढकलायचा, इंजिन हवा ओढतंच, तिचाच जोर वापरायचा, असं काहीतरी तुम्ही मला उत्साहानं समजावलंत. मी म्हटलं, "म्हणजे आता गाडीची धार काढणार?" शब्बीरभाई एवढे हसले की हातातला पाना पडला.

पण मी मनात म्हणत होते, का? घरचं मिक्सरचं भांडं गळतंय ते दिवाळीपासून तसंच आहे. नळाला चिंधी बांधलीय. आणि हा माणूस चालत्या गाडीची मोडतोड करून गिअर चाकामागे नेतोय. विचारलं की एकच उत्तर, "हौस." तुम्हाला हौस? लग्नात फोटो काढताना म्हणाला होतात, एवढे कशाला, एक पुरे. तुमच्या तोंडी हौस हा शब्द म्हणजे तापवलेल्या दुधावर साय न धरल्यासारखं. काहीतरी पाणी होतं त्यात.

पहिल्या खेपेला तुम्ही गिअरच्या, बोटानं ओढायच्या तरफा चाकालाच बांधल्या होत्या. डावीकडे एक, उजवीकडे एक, टीव्हीवर होत्या तशा. बाजारतळाच्या वळणावर चाक फिरवलंत तशा केबली चाकाला गुंडाळल्या गेल्या, त्यांनी गिअर आपल्या मनानं ओढला, आणि गाडी आचके देत भाजीवालीच्या पाटीसमोर बंद पडली. ती बाई म्हणाली, "दादा, मेथी घ्यायची तर गाडीतून उतरून घ्या की." तुम्ही खरंच मेथी घेऊन आलात. मग तरफा चाकावरून काढून चाकाच्या मागच्या नळीवर बसवल्यात. चाक फिरेल, तरफा जागच्या हलणार नाहीत.

नावं तुम्हीच ठेवलीत. शब्बीरभाईंना आपल्या गावच्या भैरोबाची गोष्ट सांगितलीत. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हणून उजवी तरफ गिअर वाढवायची, ती उजवा कौल. डावी कमी करायची, ती डावा कौल. मला ते मुळीच आवडलं नाही. माझा जोराचा हात म्हणजे देवाच्या दरबारातही नकारच.

मी काही बोलले नव्हते. पण आठवड्याभरानं बघते तर डावी तरफ काढून तुम्ही उजवीकडेच लावलेली. एक वर, एक खाली. दोन्ही उजव्या हाताच्या बोटांशी. म्हणालात, "वरची वर नेती, खालची खाली आणती. आता वर म्हंजी वरच. आणि आमचा देव आता न्हाई म्हनतच न्हाई. दोन्ही कौल उजवे." मी म्हटलं, "शर्यतीत तर दोन्हीकडे असतात." तुम्ही मान डोलावलीत.

तिथून माझा पहारा खरा सुरू झाला. तुमच्या डाव्या खांद्याला बामाचा वास यायला लागला. दुधाचा हंडा तुम्ही उजव्या हातानं उचलायला लागलात. विचारलं, "हात दुखतो का?" तर म्हणालात, "तो दांडा ओढून ओढून. म्हनून तर हे केलं." हे दुसरं कारण. एकाच गोष्टीची दोन कारणं देणारी मुलगी मी वर्गाबाहेर काढते. मग तुमच्या उजव्या हाताची बोटं सोललेली दिसायला लागली, सांध्यांवर खपल्या. कोणाशी मारामारी केलीत का, विचारलं. तर म्हणे, पत्रा लागला. रोज पत्रा लागतो? आणि याच सुमारास माझा मोपेडवर घालायचा हातमोजा नाहीसा झाला. जोडीतला एकच, उजवा. तुम्ही म्हणालात, उंदीर. मी म्हटलं, "नगरहून आणलेला चामड्याचा मोजा नेणारा उंदीर मला एकदा बघायचाय. आणि त्याच्या उंदरिणीलाही." तुम्ही ताट सारून शेडमध्ये निघून गेलात. तुम्हाला वाटलं असेल की मी थट्टा केली. मी थट्टा केली नव्हती. तुमच्या शर्टाचे खिसे मी बघत होते. आज सांगून टाकते.

मग दर रविवारी तेच. "चल, बसून तरी बघ." मी म्हणायची, "आधी खरं कारण सांगा." तुम्ही म्हणायचात, "कारन सांगितलं तर तू त्यात खोट काढशील. आधी बस, मग कारन." मी म्हणायची, "आधी कारण, मग बसणं." शेवटच्या रविवारीसुद्धा तेच. तुम्ही गाडीचं दार उघडून धरलं होतं आणि मी वाळवण उचलत होते. थोडा वेळ थांबलात आणि दार लावून घेतलंत. हळू लावलंत. आपटलं असतं तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं.

त्यानंतरच्या एका सकाळी तुम्ही केंद्रावर गेलात, दुधाचे नमुने बघितलेत, खुर्चीत बसलात, चहा मागवलात, आणि चहा यायच्या आत सगळं झालं. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, हे अचानक नसतं. डाव्या हाताला कळा येत असणार. कोणाला बोलले नाहीत?"

बाम, हंडा, दांडा ओढून ओढून, दोन्ही तरफा उजवीकडे. एका क्षणात सगळे पुरावे जुळले. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. हात हलवला की दुखतो, म्हणून हात हलवावाच लागू नये अशी गाडी केलीत. बायकोला कळू नये म्हणून दवाखान्याऐवजी गॅरेजला गेलात. लोक माझ्याभोवती रडत होते आणि मी रागानं थरथरत होते. सगळ्यांना वाटलं दुःखानं. दुःख होतंच, पण त्याच्यावर राग बसला होता, दुधावर साय बसते तसा. मी तुमच्या फोटोला हार घातला तोही रागानं. एवढा पहारा करूनही तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत चिठ्ठी लपवलीत.

हे सगळं मनात धरूनच मी शब्बीरभाईंना फाटकावर उभं केलं होतं. म्हटलं, "गाडी विकायची नाही. आणि तुम्हाला तर मुळीच नाही. त्यांच्या हाताला कळा येत होत्या, तुम्हाला ठाऊक होतं. सांगितलं का नाहीत मला?"

ते गोंधळले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "कळा? आल्लाकसम वैनी, मला न्हाई म्हाईत. खांदा धरलाय म्हनायचे, बस. मी गाडी घ्यायला न्हाई आलो. उभी गाडी खराब हुती, म्हनून चालू करून ठेवावी म्हनलं."

"मग तरफा उजवीकडे का घेतल्या? त्यांचा डावा हात चालत नव्हता म्हणूनच ना?"

"त्यांचा?" शब्बीरभाई माझ्याकडे बघतच राहिले. "वैनी, साहेबांना तर ती गाडी चालवताच येत न्हवती नीट. त्यांची बोटं केवढाली! तरफ आन चाकाच्या मधी बोट अडकायचं. रोज सोलून घ्यायचे. मी म्हनलं, साहेब, जरा लांब बसवू. तर म्हनायचे, एक सूतसुद्धा हलवायची न्हाई."

मी फाटकाची कडी काढली.

त्यांनी गाडीचं दार उघडलं, सीटखाली हात घातला आणि एक हात बाहेर काढला. मी किंचाळलेच असते. तो माझा मोजा होता. त्यात लाकडाचा भुसा ठासून भरलेला, पाचही बोटं टम्म, ग्रीसनं काळी झालेली. शब्बीरभाईंनी तो चाकावर ठेवला. मोज्याची दोन बोटं बरोब्बर दोन तरफांवर टेकली.

"हे माप," ते म्हणाले. "तुमचा डावा हात चाकावरनं सुटला न्हाई पायजे, येवढंच त्यांचं म्हननं. मी म्हनलं, वैनींना सांगा की. तर म्हनले, त्या विषयाला घरात बंदी हाय. ती बसली की तिचं तिलाच कळंल."

ते मग लगबगीनं रेडिएटरमध्ये पाणी घालायला निघून गेले. पाणी पुरेसं होतं, मला माहीत आहे. मला एकटीला सोडायचं होतं त्यांना. मी आत बसले. सीट पुढे ओढलेलीच होती. तुमच्या गुडघ्यांचं काय होत असेल कोण जाणे. डावा हात चाकावर घट्ट धरला, उजव्या हाताची बोटं लांब केली, आणि अहो, बोटं पोचली. ताणावी लागली नाहीत की मुडपावी लागली नाहीत. माझ्या या डाव्या हाताला आजवर कोणी पट्टी मारली, कोणी चटका दिला, कोणी ताट मागे घेतलं. त्याच्या जोराला जपून कोणी काही वस्तू घडवली असं कधी झालं नव्हतं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून मोठमोठ्यानं रडले. तेराव्यापर्यंत जे रडले नव्हते ते सगळं रडले. हॉर्न वाजला, तरी डोकं उचललं नाही.

पण म्हणून सुटलात असं समजू नका. माझा संशय अजून गेलेला नाही, फक्त जागेवरून हललाय. आधी वाटत होतं की स्वतःच्या दुखऱ्या हातासाठी गाडी केलीत आणि मला फसवलंत. आता कळलं की माझ्यासाठी केलीत. पण आत्ताच का? गंज कोसळून कितीतरी दिवस झाले होते. मग याच उन्हाळ्यात एवढी घाई कशाची होती? दर रविवारी दार उघडून का उभे राहायचात? आपण गेल्यावर हिला गाडी चालवता यायला हवी, असं कुठंतरी माहीत होतं का तुम्हाला? की खरंच फक्त खांदा धरला होता, आणि हौस होती, आणि बाकी सगळं माझ्या डोक्यातलं? हे सांगायला आता कोणी नाही. शब्बीरभाईंना पुन्हा पुन्हा विचारलं. ते तेच सांगतात. ते खोटं बोलत नाहीत, हेही मी तपासून बघितलंय.

आज सकाळी मी गाडी बाहेर काढली. शब्बीरभाई शेजारी बसले होते, दोन्ही हातांनी दाराची कडी धरून, तोंडानं काहीतरी पुटपुटत. त्याच रानात नेली. कडब्याची गंज यंदाही तिथंच रचलीय, मालकानं माझी गाडी लांबूनच ओळखली असणार, कारण तो काठी घेऊन गंजीपुढे येऊन उभा राहिला. पहिल्यावर गाडी घरघरत चालली होती. तुमच्या त्या रबरी नळ्या सूं सूं करत होत्या, गोठ्यात पहाटे करतात तशा. डावा हात चाकावर होता. गाडी इकडची तिकडे झाली नाही.

तुम्हाला माहीत होतं का, हे मी तेव्हा विचारणार होते. देवासमोर विचारतात तसं, डोळे मिटून नाही पण मनातून. ओठांवर आलंही होतं. आणि मग ध्यानात आलं की इथं विचारून उपयोग नाही. काहीही विचारलं तरी तुमच्या या देवाकडे होकारच आहे. दोन्ही कौल उजवे. असल्या देवावर कुठल्याही शहाण्या बाईनं विश्वास ठेवू नये.

म्हणून मी दुसरंच विचारलं. म्हटलं, "मी एकटी चालवू?" शब्बीरभाई दचकून म्हणाले, "काय म्हनला, वैनी?" मी बोटानं वरची तरफ ओढली, आणि दुसरा पडला.